माळ पडीक नसतो

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैचा पहिला आठवडा होता. आमच्या भागातल्या एका गावच्या गायरानावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता. मांडव, खुर्च्या, बॅनर, शाळेची पोरे, साहेबांच्या गाड्या, सगळा थाट होता. आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना तिथे घेऊन जाणारी मीच होते. रोपे हातात द्यायची, फोटो काढायचे, हजेरीवर सह्या घ्यायच्या, हे माझे काम.

खड्डे उन्हाळ्यातच जेसीबीने खोदून ठेवले होते. त्या खड्ड्यांच्या ओळीवर एक टिटवी सारखी घिरट्या घालत ओरडत होती. एक जण म्हणाला, टिटवी ओरडते म्हणजे अपशकुन. त्यावर शेळ्या राखणाऱ्या एक मावशी लांबूनच म्हणाल्या, "अपशकुन कशाचा रं? तिची अंडी न्हायतर पिल्लं हायती हितं कुठंतरी. तिच्या घरात तुमी खड्डं घेतलं, मग ती वरडंल न्हाय तर काय करंल?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "पोरी, तू शिकलेली हायस. हितं तार मारली म्हंजी माझ्या शेळ्या कुठं जायच्या?"

मी समाजशास्त्रात एमए केलेली बाई. पण माझ्याकडे उत्तर नव्हते. "मावशी, झाडं लावणं चांगलंच की," एवढेच मी म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. शेळ्या हाकत निघून गेल्या.

आज त्या गायरानावर काय आहे? तारेचे कुंपण आहे. नाव आणि वर्ष लिहिलेला, गंज चढलेला फलक आहे. रोपांपैकी बहुतेक दुसऱ्याच उन्हाळ्यात जळाली. मावशींच्या नऊ शेळ्यांपैकी तीन उरल्या आहेत, बाकीच्या त्यांनी विकल्या. टिटवी मला त्या जागी पुन्हा दिसली नाही.

हा लेख मी त्या मावशींच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर म्हणून लिहीत आहे. माझे म्हणणे असे आहे की, माळावर सरसकट झाडे लावणे हे पर्यावरणाचे काम नाही. त्याने माळावरचे पक्षी मरतात आणि माळावर जगणारी माणसे हुसकली जातात. या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात. ते कारण म्हणजे सरकारदप्तरी माळाला चिकटवलेला 'पडीक' हा शब्द.

माळावर कोण राहते?

सह्याद्री ओलांडून पूर्वेला आले की पाऊस कमी होतो. पुणे, सातारा, सांगली यांचा पूर्व भाग, नगर, सोलापूर, बीड, धाराशिव हा सगळा पर्जन्यछायेचा पठारी प्रदेश. जमीन उंचसखल, वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि खडक. इथे निसर्गाने दाट जंगल दिलेलेच नाही. इथे दिले आहे ते गवत: मारवेल, पवन्या, कुसळी. मध्येच एखादी बाभूळ, हिवर, बोर.

'पूर्वी इथे घनदाट अरण्य होते, लोकांनी तोडून माळ केला' असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. ते तपासून पाहिले पाहिजे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुने मराठी वाङ्मय आणि लोकगीते यांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातला हा विरळ झाडांचा गवताळ प्रदेश निदान साडेसातशे वर्षे तरी असाच आहे, असे त्यांना दिसून आले. म्हणजे माळ हा जंगल मेल्यावर उरलेला सांगाडा नाही. ती स्वतंत्र, जुनी, जिवंत व्यवस्था आहे. आणि 'लोकांनी जंगल तोडले' या आरोपात लोक म्हणजे कोण, हे वेगळे सांगायला नको. गुरे चारणारे, लाकूडफाटा वेचणारे, म्हणजे आपणच.

या माळावर माळढोक राहतो. मीटरभर उंचीचा, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. पावसाळ्यात वाढलेल्या गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावणारा तणमोर इथलाच. धाविक, माळटिटवी, पखुर्डी, तितर, लावा, चंडोल हे सगळे इथले. हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी रात्री याच गवतात, जमिनीवर बसतात आणि दिवसा नाकतोडे खातात.

चंडोलांच्या कुळातला एक लहान पक्षी आहे, त्याला मराठीत 'डोंबारी' म्हणतात. नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीवर आपटणार असे वाटत असतानाच पुन्हा वर उसळतो. गावोगाव कसरती करून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीचे नाव लोकांनी त्याला दिले. दोघांचा पत्ता एकच होता: गावाबाहेरचा मोकळा माळ. त्या माळावर पाल टाकणाऱ्या माणसाला रेशनकार्ड मिळत नव्हते, आणि त्याच माळावर घरटे करणाऱ्या पाखराचीही कुठे नोंद होत नव्हती.

झाडाने पक्षी कसा मरतो?

'झाड लावले तर पक्षी येतील की! घरटी बांधतील!' असे कुणीही म्हणेल. मीही म्हणत होते. पण सगळे पक्षी झाडावर राहत नाहीत. वर सांगितलेले बहुतेक सगळे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. त्यांचे संरक्षण दोनच गोष्टी करतात. एक, अंड्यांचा मातीसारखा रंग. दुसरी, चारही बाजूंनी लांबवर दिसणारी मोकळी जमीन. शत्रू दुरून दिसला तर मादी हळूच उठून बाजूला जाते आणि घरटे कुठे आहे ते कळत नाही.

आता त्या माळावर ओळीने झाडे लावा. कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला टेहळणीला जागा मिळते. मुंगूस, कोल्हा, भटकी कुत्री यांना लपायला आडोसा मिळतो. मादीला दूरचे दिसेनासे होते. झाडे जगली तर सावलीखाली गवत विरळ होते, गवत गेले की नाकतोडे जातात, नाकतोडे गेले की खाणारेही जातात. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी अशी झटपट वाढणारी झाडे असली तर हे आणखी लवकर होते. आणि झाडे जगली नाहीत, तरी खड्डे राहतात, समतल चर राहतात, यंत्राने उलटलेला मुरूम राहतो. गवताची शेकडो वर्षांची मुळे एकदा उपटली की ती पुन्हा बसायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

वेळही बघा. खड्डे खोदतात एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा माळटिटवी, पखुर्डी, धाविक यांची अंडी जमिनीवर असतात. रोपे लावतात जुलैमध्ये. तेव्हा माळढोक आणि तणमोर यांचा विणीचा हंगाम असतो. मुद्दाम ठरवून त्रास द्यायचा म्हटले असते तरी याहून नेमके वेळापत्रक जमले नसते.

हे फक्त आपल्याकडे घडत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्री नावाचा ओल्या दलदलीचा उघडा प्रदेश आहे. तोही तिथल्या सरकारला आणि धनिकांना ओसाड वाटला. १९८० च्या दशकात झाडे लावणाऱ्या गुंतवणूकदारांना करात मोठी सवलत होती. ज्यांनी ती जमीन कधी पायाने तुडवली नाही अशा श्रीमंत लोकांनी कर वाचवण्यासाठी तिथे स्प्रूस आणि पाइनची परदेशी झाडे लावून घेतली. दलदल सुकू लागली. गोल्डन प्लोव्हर, डनलिन यांसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी तिथून हटले. पुढच्या अभ्यासात दिसले की झाडे लावली तेवढ्याच जागेतून हे पक्षी जात नाहीत, झाडांच्या कडेपासून सातशे मीटरपर्यंतची मोकळी जमीनही ते टाळतात. ओरड झाली आणि १९८८ च्या अर्थसंकल्पात ती करसवलत काढून टाकली गेली. त्यानंतर पक्षी संरक्षण संस्थांनी तीच झाडे तोडायला पैसे खर्च केले. २०२४ साली युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ज्याला ओसाड म्हटले तोच वारसा निघाला.

आपल्या दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांवरही इंग्रजांनी आणि नंतर आपल्याच सरकारने ऑस्ट्रेलियातून आणलेली वॅटल आणि निलगिरीची झाडे लावली. तोडा समाजाच्या म्हशी जिथे चरायच्या ते गवताळ माथे झाकले गेले. फक्त दक्षिणेतल्या त्या उंच माथ्यांवरच आढळणारा निलगिरी पिपिट हा लहानसा पक्षी कोंडीत सापडला. तिथेही पाखरू आणि पशुपालक एकदमच उठवले गेले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. माळढोक संपत आला तो केवळ वृक्षारोपणाने नाही. शिकार झाली, पाणी आल्यावर माळ फोडून ऊस लावला गेला, भटकी कुत्री वाढली, विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले. तारांचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये त्यावर आदेश झाला. आज देशभरात फारच थोडे माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. आपल्या सोलापूर-नगरमध्ये १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झाले, त्याच नान्नजच्या परिसरात आता माळढोक दिसला तर बातमी होते. पण ऊस लावणारा निदान 'मी पक्ष्यांसाठी ऊस लावतो' असे म्हणत नाही. झाडे लावणारा मात्र पर्यावरणाच्याच नावाने माळ संपवतो, म्हणून त्याला विरोध करणे अवघड जाते.

'पडीक' हा शब्द कोणाचा?

इंग्रजांच्या महसूल खात्याच्या दृष्टीने जमिनीचे दोनच प्रकार होते: सारा देणारी आणि न देणारी. सारा न देणारी ती पडीक. त्या जमिनीवर कुणाची गुरे चरतात, कोण गवत कापते, कुठल्या पाखराचे घर आहे, हे त्या हिशेबात बसत नव्हते. इंग्रज गेले, पण शब्द दप्तरात राहिला. आजही केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करते आणि त्यात झुडपी माळ व खालावलेली चराऊ कुरणे पडीक म्हणून रंगवलेली असतात.

दुसरीकडे जंगलाची व्याख्या बघा. वनसर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ते वनाच्छादन. झाड कोणते, जमीन कोणाची, हा प्रश्नच नाही. म्हणजे निलगिरीची लागवड वनात मोजली जाईल आणि माळढोक ज्या गवतात अंडे घालतो ते गवत शून्यात. मोजमापच असे असेल तर प्रत्येक अधिकाऱ्याला माळावर झाडे लावण्यातच प्रगती दिसणार.

वर उद्दिष्टे आली. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी झाडांचे उद्दिष्ट होते. मग २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी. इतकी झाडे लावायला जागा कुठून आणणार? बागायतदाराच्या उसात कोणी खड्डा घेतला नाही. कारखान्याच्या आवारात, पुढाऱ्याच्या फार्महाऊसवर घेतला असेल तो शोभेसाठी. जागा सापडली ती जिथे नेहमी सापडते तिथे: गायरान, माळ, टेकडी.

त्यापुढे पैसा आला. एका ठिकाणी खाणीसाठी, रस्त्यासाठी, धरणासाठी जंगल तोडायचे आणि भरपाई म्हणून दुसरीकडे झाडे लावायची, या व्यवहाराला २०१६ च्या कायद्याने स्वतंत्र निधी मिळाला. २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम आले. फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत तर झुडपी आणि पडीक जमिनीवर हेक्टरी किमान अकराशे झाडे, असे सूत्र होते. पुढे निकष बदलले गेले, पण विचार तोच राहिला की मोकळी जमीन म्हणजे रिकामी जमीन. एक हेक्टरमध्ये अकराशे झाडे म्हणजे माळाच्या दृष्टीने त्याच्यावर मारलेले झाकणच.

गायरानाचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे

आता काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, ताई, आपली माणसे उपाशी आहेत आणि तुम्ही पाखरांचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तो नीट सोडवू या.

गायरानाचा लढा हा आंबेडकरी चळवळीचा गाभ्याचा लढा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. त्या लढ्यातूनच पुढे भूमिहीन अनुसूचित जाती-जमातींनी १४ एप्रिल १९९० पर्यंत कसलेली गायराने नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली झाला. आपल्या कितीतरी कुटुंबांच्या नावावर अजूनही ती जमीन झालेली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. त्यात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद स्पष्ट आहे. तरी २०२२ साली राज्यात नोटिसा निघाल्या तेव्हा घाबरून तहसीलसमोर उभे राहिले ते आपलेच लोक.

अशा वेळी वृक्षारोपण हे फार सोयीचे हत्यार आहे. पोलीस लागत नाहीत, लाठी लागत नाही, बातमी वाईट येत नाही. कसणाऱ्याला हाकलायचे तर मोर्चा निघतो. रोपे लावली आणि तार मारली की विरोध करणारा 'पर्यावरणाचा शत्रू' ठरतो. बेदखलीचा एवढा सभ्य मार्ग दुसरा नाही. आणि रोपे जळून गेली तरी तार तशीच राहते. पुढे त्याच जागेवर सौर पॅनेल किंवा आणखी कुणाचा प्रकल्प आला तर जागा आधीच 'मोकळी' करून ठेवलेली असते.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाने 'संवेदना' या संस्थेच्या सोबतीने गवताळ कुरणे राखण्याचे आणि तणमोर वाचवण्याचे काम केले आहे. ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि स्वतंत्र भारतानेही १९५२ पर्यंत त्या कायद्यात अडकवून ठेवले, त्या समाजातली ही माणसे. तणमोर कुठल्या गवतात बसतो, कधी उड्या मारतो, हे ज्ञान शिकारीतून त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या आले होते. तेच ज्ञान रक्षणाच्या कामी आले. पक्षी वाचवायला माणूस हटवावा लागत नाही, त्या माणसाला मान आणि हक्क द्यावा लागतो, हे या कामाने दाखवले.

पण इथे आपल्यालाही आपली बाजू तपासावी लागेल. पूर्ण माळ नांगरला, बोअर मारून ऊस लावला, तर पक्षी जाणारच, मग नांगर कोणत्याही जातीचा असो. मात्र आपल्या लोकांची गायरानावरची शेती बहुधा कोरडवाहू असते. ज्वारी, बाजरी, मटकी, मध्ये पडीत ठेवलेला तुकडा, कडेला गवत. माळढोक अशा शेतातही किडे आणि धान्य टिपत फिरतो. त्याला ऊस आणि फळबाग चालत नाही, ज्वारीचे रान चालते. म्हणजे भूमिहीनाची दोन एकर आणि माळढोकचे अंडे यांत जे वैर दाखवले जाते ते मुळात तेवढे नाही.

अभयारण्यवाल्यांनीही आपली चूक मान्य केली पाहिजे. माळढोकसाठी सुरुवातीला जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र कागदावर घेतले गेले. त्यात गावेच्या गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, लोक पक्ष्याच्या नावाने बोटे मोडू लागले. पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. लोकांना न विचारता केलेले रक्षण आणि लोकांना न विचारता केलेले वृक्षारोपण ही एकाच मनोवृत्तीची दोन कामे आहेत.

सम्राट अशोकाने झाडे लावली होती ना?

विहारात हा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. हो, लावली होती. शिलालेखांत ते स्पष्ट आहे. पण कुठे आणि कशासाठी? रस्त्यांच्या कडेला, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. कुणाच्या चराऊ रानावर तार मारून नव्हे. आणि त्याच अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या प्राण्यांची आणि पक्ष्यांची यादी आहे. करुणा कशाबद्दल आणि कुठे, याचा विचार त्यात आहे.

वर्षावास कसा सुरू झाला तेही आठवा. विनयपिटकात कथा आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करत फिरत, त्यांच्या पायांखाली हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जात. लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती ऐकली आणि पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम केला. म्हणजे आषाढात गवत तुडवू नये, एवढ्या साध्या गोष्टीसाठी संघाने आपली रीत बदलली. आपण दर वर्षी वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी बॅनरखाली माळावर जेसीबीने उलटलेल्या मातीत रोपे लावायला जातो. मीही गेले होते. सामान्य लोकांची तक्रार ऐकून रीत बदलणे ही आपली परंपरा आहे. मावशींची तक्रार तीच होती, फक्त ऐकणारी मी चुकले.

हवामान बदलाचे काय, असेही विचारले जाईल. कार्बन फक्त लाकडात साठत नाही. गवत तो मुळांवाटे जमिनीत साठवते, आणि आग लागली तरी जमिनीतला तो साठा बहुतांशी टिकतो. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड माळावर टँकरने पाणी घालून जगवलेली आणि पुढच्या दुष्काळात मेलेली झाडे कुणाचा कार्बन साठवणार?

मग काय करायचे?

झाडांना माझा विरोध नाही. बोधिवृक्षाखाली बसलेल्या गुरूचे आपण अनुयायी आहोत. झाडे लावा, पण ती जिथे हवीत तिथे लावा: वस्तीत, शाळेत, स्मशानभूमीत, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, आणि जिथे खरोखर जंगल तोडले गेले आहे त्या डोंगरात. आमच्या वस्त्यांमध्ये मे महिन्यात पत्र्याखाली माणसे भाजून निघतात, तिथे सावलीची सर्वांत जास्त गरज आहे. तिथे मात्र वृक्षारोपणाची गाडी क्वचितच येते.

माळाबद्दल मागण्या साध्या आहेत. सरकारी नोंदीत माळ आणि कुरणे यांना 'पडीक' म्हणणे बंद करा, गवताळ प्रदेश अशी स्वतंत्र नोंद करा. गायरानावर कोणतीही लागवड करण्याआधी ग्रामसभा घ्या आणि त्यात तिथे कसणारे, चारणारे, पाल टाकणारे यांचे म्हणणे नोंदवा. एप्रिल ते सप्टेंबर या काळात माळावर यंत्राने खोदकाम करू नका. १९९० पूर्वीच्या पात्र गायरानधारकांचे सातबारे आधी करा, मग पर्यावरणावर बोलू. आणि माळ राखायचा असेल तर त्याची मजुरी, त्याचे अधिकार शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना, पारध्यांना, भूमिहीनांना द्या. गवत कापायचे कधी, चारायचे कुठे, कुठला तुकडा विणीपुरता सोडायचा, हे त्यांना तुमच्याआधीपासून माहीत आहे.

कार्यकर्त्यांनाही एक विनंती आहे. यंदा जुलैमध्ये कुणी रोपे घेऊन तुमच्या गायरानावर आले, तर फोटोला उभे राहण्याआधी सातबारा उतारा बघा, ग्रामसभेचा ठराव मागा, आणि पायाखालची जमीन नीट बघा. तिथे कुणाचे तरी अंडे असेल, कुणाचे तरी पोट असेल.

मी त्या मावशींना परवा भेटले. म्हटले, "मावशी, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं." त्या हसल्या. म्हणाल्या, "बरोबर हुतं तर मग तार काढाय लाव की."

तार काढण्यासाठीचा अर्ज आम्ही वस्तीतल्या त्रेचाळीस जणांच्या सह्या आणि अंगठे घेऊन दिला आहे. पहिला अंगठा मावशींचा आहे.

जय भीम!